येवल्याच्या वाटेवर तापलेली गाडी

आपल्या समाजाचे पंचांग निराळे आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, १३ ऑक्टोबरला येवला, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. या दिवसांना आपण लेकराबाळांसह घराबाहेर पडतो. पूर्वी आगगाडी आणि एस.टी. हाच काय तो आधार होता. भाकरीचे गाठोडे डोक्यावर घेऊन माणसे निघत. आता वस्तीतल्या एखाद्या होतकरू तरुणाने हप्त्यावर जुनी जीप घेतलेली असते. आठवडाभर तो शाळेची मुले ने-आण करतो आणि अशा दिवशी वर्गणी काढून आपण सर्वजण त्याच्या गाडीत बसतो.

महाड असो, येवला असो, मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला मध्ये खिंड किंवा घाट लागतोच. आणि घाट म्हटला की गाडी तापणे आले. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली निळ्या झेंड्याची गाडी आपल्यापैकी कोणी पाहिली नसेल? म्हणून आज येवल्याच्या रस्त्याची हकीकत सांगता सांगता, तापलेल्या गाडीचे दुखणे कसे ओळखावे, तेही सांगावे असा विचार आहे. जीप चालवणाऱ्या आपल्या मुलांच्या पोटाचा हा प्रश्न आहे.

येवल्याचे महत्त्व आपल्याला सांगायला नको. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावी भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच्या आधी २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. वर्षामागून वर्षे गेली, माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, पण दार उघडले नाही. तेव्हा बंद दारासमोर उभे राहण्यापेक्षा स्वतःची वाट शोधू, असा निर्णय येवल्याने दिला. आज त्या भूमीला आपण मुक्तिभूमी म्हणतो. गाव तसे पैठणीसाठी नावाजलेले. पण १३ ऑक्टोबरला तेथल्या रस्त्यांवर एकच रंग दिसतो, निळा.

कल्याणहून निघालो की पडघ्याला मुंबई-आग्रा महामार्ग लागतो. पुढे वासिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी आणि मग कसारा. हा शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजणारा. तानसा, भातसा ही धरणे याच भागातली. पण उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात! ज्याच्या अंगणातून पाणी वाहते त्याच्याच घशाला कोरड, हा आपल्या देशाचा जुना हिशोब आहे.

कसाऱ्यापासून सह्याद्री समोर उभा राहतो. यालाच थळ घाट म्हणतात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने हा डोंगर फोडून १८६५ साली इगतपुरीपर्यंत रूळ नेले. या चढावर रूळ ३७ फुटांमागे १ फूट वर चढतो. लोखंडी चाकांना हा चढ इतका भारी, की कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून ती वर ढकलावी लागते. आगगाडीची जिथे ही कथा, तिथे नऊ माणसे भरलेल्या आपल्या जीपची काय अवस्था होत असेल?

(५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आहे आणि इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे त्या वाटेने घाट टळतो. परंतु टोल वाचवणाऱ्या आपल्या गाड्या अजूनही जुन्या घाटानेच चढतात.)

इंजिन तापते म्हणजे काय?

डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा साधारण तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. बाकीची उष्णता काही सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि काही इंजिनाच्या अंगात राहते. ती बाहेर काढण्यासाठी इंजिनाच्या भिंतींमध्ये पाणी फिरवलेले असते. वॉटर पंप ते पाणी ढकलतो. थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप साधारण ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास उघडते आणि गरम पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये सोडते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून ते पाणी उतरते, पंखा बाहेरची हवा त्यातून ओढतो, पाणी निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. पाणी, पंप, झडप, जाळी आणि वारा अशी ही पाच जणांची पंगत आहे. यातला एक जरी उठून गेला तरी काटा लाल खुणेकडे सरकतो.

रेडिएटरचे टोपणही कामाचे असते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, तिथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळेल. पण टोपण आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी ११५-१२० अंशांपर्यंतही उकळत नाही. आपल्या घरच्या कुकरचेच तत्त्व! म्हणूनच तापलेल्या गाडीचे टोपण कधीही उघडू नये. दाब सुटला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती तोंडावर येते. चेहरा आणि हात भाजून घेतलेले कितीतरी चालक महामार्गावर भेटतील.

घाटातला प्रसंग

२०२४ साली १३ ऑक्टोबर रविवारी आला होता. आदल्याच दिवशी विजयादशमी. आमच्या वस्तीतून एक गाडी पहाटे पाचला निघाली. चालकासह नऊ जण होतो. त्यांत एक आत्याबाई, दोन सुना, एक शाळकरी मुलगी आणि एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका. गाडी वस्तीतल्याच एका तरुणाची. तीन वर्षांचा हप्ता, त्यातली दोन वर्षे फिटलेली.

शहापूरपर्यंत काटा मध्याच्या जरा वरच होता. घाटात पुढे मालट्रकांची रांग लागली. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढू लागली आणि काटा लाल खुणेला टेकला. पाठोपाठ पुढून वाफेचा फुस्स आवाज आला. मुलाने गाडी कडेला घेऊन बंद केली. मागच्या चाकांना दगड लावले. बायकामुलांना खाली उतरवून कठड्याच्या आत बसवले.

कोणीतरी फोन केला. अर्ध्या तासाने महामार्गावरच्या एका गॅरेजचा मिस्त्री मोटारसायकलवरून आला. त्याने बॉनेट उघडले, ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढले आणि आतून पुसलेले बोट मुलापुढे धरले. बोटाला पांढुरका फेस लागला होता.

"बघ. ऑइलमध्ये पाणी आलंय. हेड गेलं. इंजिन उतरवावं लागेल. गाडी ओढून न्यायची आणि काम मिळून चाळीस हजार धर."

मुलाचा चेहरा उतरला. चाळीस हजार म्हणजे त्याचे कितीतरी हप्ते. गाडी महिनाभर उभी राहिली तर शाळेची मुले दुसरा गाडीवाला नेणार. त्याची आई आमच्याच वस्तीत चार घरची धुणीभांडी करते. आत्याबाई म्हणाल्या, "परत फिरू रे बाळा. येवला पुढच्या वर्षीही आहेच." सगळे गप्प झाले.

काका तोवर काही बोलले नव्हते. ते उठले आणि मुलाला म्हणाले, "पोरा, हो म्हणायच्या आधी मला चार प्रश्नांची उत्तरं दे. महिन्याभरात पाणी कितींदा भरलंस?"

"एकदाही नाही काका. काल रात्रीच बघितलं, बाटलीत खुणेपर्यंत होतं."

"याच्या आधी कधी गाडीनं पाणी फेकलं? कधी हीट मारली?"

"कधीच नाही. मागच्या महिन्यात पाच जण घेऊन नाशिकला जाऊन आलो, ह्याच घाटानं."

"सकाळी चालू करताना सायलेन्सरमधून पांढरा धूर?"

"नाही."

"मग काल रात्रीपासून आजपर्यंत गाडीत नवीन काय झालं, त्याचा विचार कर."

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. हेडचे गॅस्केट एकदम फुटू शकते, नाही असे नाही. पण बहुधा ते आधी इशारे देते. बाहेर कुठे गळती नसताना पाणी कमी होते, सकाळी पांढरा धूर निघतो, थंड गाडी चालू करताच रेडिएटरची नळी दगडासारखी कडक होते. यातले एकही लक्षण नव्हते. मी हिशेबाच्या खात्यात काम करणारा माणूस. जमा आणि खर्च जुळत असेल तर मधल्या मध्ये चोरी झाली असे म्हणता येत नाही. पाण्याचा हिशोब कालपर्यंत जुळत होता, एवढे तरी स्पष्ट होते.

काकांनी डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल काळे आणि स्वच्छ, दुधाळ नाही. "ऑइलमध्ये पाणी मिसळलं असतं तर हे चहासारखं झालं असतं. झाकणाखालचा फेस वेगळा. ही गाडी शाळेच्या जवळच्या फेऱ्या मारते. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत बंद होतं. पावसाळ्यातला दमटपणा आत साठतो आणि थंड झाकणाला त्याचं दव धरतं. तेवढ्यावरून हेड गेलं म्हणता येत नाही."

मिस्त्री म्हणाला, "म्हातारबाबा, माझी वीस वर्षं ह्यातच गेली."

काका शांतपणे म्हणाले, "माझी चौतीस. पण वर्षं मोजून इंजिन बरं होत नाही, तपासून होतं. तुम्हीही थांबा, दोघे मिळून बघू." आणि मिस्त्री थांबला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

पाऊण तास गाडी निवू दिली. मग टोपणावर जाड फडके टाकून काकांनी ते आधी थोडेसेच फिरवले, उरलेली हवा सुटू दिली आणि नंतर काढले. दोन लिटर पाणी बसले, म्हणजे उकळून फेकले गेले तेवढेच. टोपण उघडे ठेवून गाडी चालू केली. गॅस्केट फुटले असते तर पाण्यातून एकसारखे बुडबुडे आले असते. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार आले आणि थांबले. पंख्याचा पट्टा काकांनी गाडी बंद असतानाच अंगठ्याने दाबून पाहिला होता, तो घट्ट होता. थोड्या वेळाने रेडिएटरची वरची नळी गरम झाली आणि मग खालचीही कोमट झाली. म्हणजे झडप उघडते, पंप पाणी फिरवतो. काटा मध्यावर स्थिर राहिला.

पाणी आहे, पंप आहे, झडप आहे. उरली जाळी आणि वारा.

काकांनी टोपण लावले, बॉनेट मिटायला सांगितले आणि ते गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. तिथे आमच्या मंडळाचा फलक होता. पहाटे पोरांनी अंधारात बांधलेला, सहा फुटांचा, जाड फ्लेक्सचा. वर "मुक्तिभूमी अभिवादन यात्रा", मध्ये बाबासाहेबांचे छायाचित्र, खाली मंडळाचे नाव. तो बंपरपासून बॉनेटपर्यंत ताणून बांधला होता. बॉनेट उघडताना वरच्या दोऱ्या सोडल्या की तो खाली लोंबायचा, त्यामुळे आत डोकावणाऱ्या कोणाच्या लक्षात आला नाही. आता दोऱ्या पुन्हा बांधल्या आणि गाडी चालू झाली, तेव्हा सगळ्यांनी पाहिले. पंख्याच्या ओढीने तो फ्लेक्स आत खेचला जाऊन जाळीला चिकटत होता! गाडीचे नाकच बंद झाले होते.

सपाटीवर थोडाफार वारा कडेने शिरत होता म्हणून चालून गेले. घाटात भार वाढला, वेग कमी झाला आणि गाडीचा श्वास कोंडला.

काका एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "वाटतंय म्हणून खरं मानायचं नाही. करून बघू." फलक तसाच ठेवून मुलाला ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगितला. दहा मिनिटांत काटा मध्यावरून वर सरकू लागला. फलक सोडला. बाकी काहीही बदलले नाही. पाच-सात मिनिटांत काटा पुन्हा मध्यावर आला. मिस्त्रीने स्वतः वाकून काटा पाहिला आणि मान हलवली.

तेवढ्यात एक तरुण म्हणाला, "पण काका, बाबासाहेबांचा फोटो असा काढायचा?" प्रश्न भावनेचा होता, सगळे जरा थबकले. उत्तर आत्याबाईंनी दिले. "अरे, बाबासाहेबांचा फोटो बंपरवर धूळ खायला असतो का? वर बांधा, टपावर. लांबून दिसेल." फलक टपाच्या कॅरिअरला उभा बांधला आणि तो खरोखरच अधिक शोभून दिसला. मिस्त्रीला येण्याजाण्याचे तीनशे रुपये दिले, तेही वाजवी. मग गाडी घाट चढली. इगतपुरी आले, घोटी आले, काटा जागचा हलला नाही.

लक्षणावरून कारण

पुढे घोटी ते नाशिक मी काकांना विचारत गेलो आणि शाळकरी मुलीच्या वहीत लिहून घेत गेलो. चालक आणि मालक बांधवांनी हे कापून गाडीत ठेवावे.

१. गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते, मोकळ्या रस्त्यावर निवते : पंख्याचा दोष पाहा. पट्टा ढिला, पंख्याचा क्लच निकामी, किंवा विजेचा पंखा असेल तर त्याचा फ्यूज वा वायर.

२. उभी असताना ठीक, वेगात किंवा चढावर तापते : रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी भरला आहे, पंप थकला आहे, किंवा पुढे काही बांधलेले आहे.

३. थंड गाडी चालू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापते : पाणी कमी, आत हवा अडकलेली, किंवा झडप मिटलेलीच राहिली. वरची नळी कढत आणि खालची गार असेल तर झडपेचा संशय अधिक.

४. चावी फिरवताच थंड इंजिनाचाही काटा थेट वर : इंजिन तापलेले नाही! काट्याची वायर किंवा सेन्सर बिघडला आहे. दिवे लावताच काटा वर चढत असेल तरीही आधी वायरिंग बघावे. इंजिन खोलू देऊ नये.

५. काटा वर जाऊन अचानक खाली पडला आणि वाफ मात्र येते : हा सर्वांत धोक्याचा प्रकार. पाणी इतके उतरले की ते सेन्सरपर्यंत पोचतच नाही. ताबडतोब गाडी बंद करावी.

६. गळती दिसत नाही आणि पाणी वारंवार कमी होते, डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ, पाण्यात सतत बुडबुडे : आता मात्र गॅस्केटचा संशय घ्यावा. तशी गाडी ओढून न्यावी, चालवू नये. तापलेल्या अवस्थेत रेटल्यास हेड वाकते आणि मग हजारांचे काम लाखाकडे जाते.

काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर असेल तर पूर्ण सोडावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता त्यातून निघून जाते. आत बसणाऱ्यांना त्रास होईल, पण इंजिन वाचेल. चढावर मोठ्या गिअरमध्ये गाडी कुंथवू नये. लहान गिअर घेतला की पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. काटा लाल खुणेला लागलाच तर थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, लोखंडाला तडा जातो. निवल्यावर, इंजिन चालू ठेवून, हळूहळू घालावे. घाटात निघताना पाण्याचे दोन कॅन बरोबर असावेत आणि घरी पोचल्यावर साध्या पाण्याऐवजी पुन्हा कूलंट भरून घ्यावे, म्हणजे आत गंज धरत नाही.

त्रिरश्मी आणि मनमाड

नाशिकच्या अलीकडे महामार्गालगत त्रिरश्मी लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तेथे काही संबंध नाही. ही भिक्खू संघाची वसतिस्थाने. गौतमी बलश्रीचा लेख तेथे आहे, उषवदाताचेही आहेत. उषवदाताने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले आणि त्याच्या व्याजातून भिक्खूंना चीवर मिळावे अशी व्यवस्था केली. आमच्या बँकेतल्या मुदत ठेवीचाच हा प्रकार! दुसऱ्या एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेवलेल्या ठेवीची नोंद आहे. ती ठेव कोणाकडे ठेवली? कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांत तेली आहेत आणि "ओदयंत्रिक" म्हणजे पाण्याची यंत्रे बनवणारेही आहेत.

हे वाचून काका बराच वेळ त्या लेखाकडे पाहत राहिले. बौद्ध काळात पाण्याच्या यंत्राचा कारागीर इतका प्रतिष्ठित होता की संघाच्या औषधाचा पैसा त्याच्या हाती विश्वासाने दिला जाई. आणि पुढच्या काळात ज्यांच्या हातात हत्यार, त्यांनाच हीन ठरवले गेले.

येवल्याहून मनमाड जवळच आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी तेथेच सांगितले. आपला माणूस रेल्वेत रुळावरचा गँगमन म्हणून राबतो, परंतु कुशल कामाच्या जागा त्याला मिळत नाहीत, ही वेदनाही त्यांनी मांडली. मुंबईच्या गिरण्यांत तर आपल्या माणसाला विणकाम खात्यात उभे करत नसत, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. हत्यार हातात येऊ द्यायचे नाही, यंत्र कळू द्यायचे नाही, हीच ती पद्धत.

आमच्या काकांनी एस.टी.त मदतनीस म्हणून सुरुवात केली. पहिली काही वर्षे त्यांच्या वाट्याला सुटे भाग धुण्याचे आणि जमीन पुसण्याचे काम होते. पाने धुता धुता ते पाहत गेले, खात्याची परीक्षा दिली आणि कारागीर झाले. येवल्याला मुक्तिभूमीसमोर वंदना झाल्यावर ते चालक मुलाला म्हणाले, "तू गाडी चालवतोस, पण ती तुला कळत नाही. म्हणून कोणीही येऊन तुला घाबरवतो. शिकून घे." पुढच्या रविवारपासून तो मुलगा काकांकडे जाऊ लागला. त्याच्या धाकट्या बहिणीने यंदा आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात नाव घातले आहे.

केसमुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, हा धम्माचा पाया. विहारात आपण हे दर पौर्णिमेला ऐकतो. पण ऐकलेले वापरायचे ते विहाराबाहेर. डॉक्टरच्या दारात, वकिलाच्या टेबलासमोर, सावकाराच्या चिठ्ठीवर सही करताना आणि कसाऱ्याच्या घाटात बॉनेट उघडल्यावरही.

प्रत्येक वस्तीत एस.टी., बेस्ट, रेल्वे किंवा गिरणीतून निवृत्त झालेले असे काका आहेत. त्यांच्या हातची विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नये. मंडळांनी वर्षातून एखादा रविवार ठरवावा, एक जुनी गाडी विहाराच्या अंगणात उभी करावी आणि मुलामुलींना बॉनेटभोवती जमवावे. खर्च चहापाण्याचा. निघताना फलक मात्र टपावर बांधावा, जाळी मोकळी ठेवावी.

जय भीम!